उभी गाडी

वापरल्याने वस्तू झिजते, हे लहान मूलही सांगेल. न वापरल्याने ती त्याहून लवकर नासते, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. उपसा थांबलेल्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. कुलूप लावलेल्या घराच्या भिंती नांदत्या घरापेक्षा आधी ढासळतात. असे का व्हावे? वस्तू तर कोणी हातही लावला नाही म्हणून सुरक्षित राहायला हवी. हा प्रश्न मला पडला तो एका मोटारीपुढे उभे असताना, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी मोटारीपासून बराच दूर गेलो. वाचकांनी थोडा वेळ सोबत यावे, एवढीच विनंती.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात, वैनगंगेच्या पलीकडच्या अंगाला करडी हे गाव आहे. नावावरून करडईची शेते डोळ्यांपुढे यावीत; पण हा मुलूख धानाचा. एका बाजूला कोक्याचे जंगल, आजूबाजूला बांध्या आणि लहानमोठे तलाव, आणि पावसाळ्यात हवेत इतका ओलावा की पेटीतले कपडेही दमट लागावेत. आमचे मोठे काका या गावात चाळीस वर्षे डॉक्टरकी करीत होते. नागपूरचे धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाले आणि भंडाऱ्याचा हा सारा प्रदेश त्याच्याच छायेत आला. तरी करडीसारख्या गावी कॅथलिक घर म्हणजे एखाददुसरेच. चर्च दूर. त्यामुळे काकांच्या घरी रविवार हा विश्रांतीचा नव्हे, प्रवासाचा दिवस असे. तो प्रवास ज्या गाडीने होई ती १९६७ सालची फियाट अकराशे.

ज्यांनी ती गाडी पाहिलेली नाही अशा तरुण वाचकांसाठी दोन शब्द. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने या गाड्या बनू लागल्या. चार सिलिंडरांचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, आणि पुढे एक सलग बाक. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी, तेव्हा ही गाडी मिळे. पुढे हीच गाडी ‘पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून घरोघर ओळखीची झाली. मुंबईत नोंदवलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. यंत्रावर मृत्युलेख लिहावा असे माणसांना वाटते, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही.

काका २००४ साली गेले. गाडी घरामागच्या पडवीत, तणसाच्या गंजीशेजारी उभी होती, ती तिथेच राहिली. पुढे दोन वर्षांनी दोघा चुलतभावांत तलावाखालच्या बांधीवरून तंटा झाला. थोरला नागपूरला, धाकटा करडीला. त्या तंट्याचा तपशील येथे सांगण्याचे प्रयोजन नाही; दोघांचेही काही बरोबर होते आणि दोघेही गरजेपेक्षा अधिक बोलले. सांगण्याजोगी गोष्ट एवढीच, की वाटणी झाली नाही तशी गाडीचीही झाली नाही. गाडी धाकट्याच्या पडवीत होती. तिची किल्ली आणि कागदपत्रे थोरल्याच्या कपाटात होती. एकाला ती विकता येईना, दुसऱ्याला ती हलवता येईना. अशी वीस वर्षे गेली. त्या काळात दोघे भाऊ एकमेकांशी बोलले ते लग्नात किंवा मयतीला, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

२०२४च्या नोव्हेंबरात, धान घरात आल्यावर, काकूंनी एक इच्छा सांगितली. त्यांचे वय त्या वेळी चौऱ्याऐंशी होते. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टरांची गाडी एकदा चालू झालेली ऐकायची आहे.’’ बसायची आहे असे त्या म्हणाल्या नाहीत. ऐकायची आहे म्हणाल्या. हा निरोप दोन्ही मुलांना मीच पोहोचवला, म्हणून हा सारा प्रकार मला जवळून पाहायला मिळाला.

तुमसरहून एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडले आणि बराच वेळ काही केले नाही, नुसते पाहिले. उंदरांनी वायरिंगचे कापूस करून इंजिनावर घरटे बांधले होते. सायलेन्सरच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. टाकीचे झाकण काढले तेव्हा पेट्रोलचा वास आला नाही. जुन्या व्हार्निशचा आला. पेट्रोल ठेवून दिले म्हणजे तसेच राहते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यातला हलका, पेट घेणारा भाग आधी उडून जातो आणि मागे चिकट डिंक राहतो. तो डिंक कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकांत जाऊन बसतो. मिस्त्रींनी पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावला आणि हलकेच दाबून पाहिले. इंजिन तसूभरही हलले नाही. ‘‘जाम हाये,’’ ते म्हणाले. मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून म्हणाले, ‘‘मेलं नाही भाऊ. निजलं हाये.’’

इंजिन जाम का होते, हे त्यांनी जे सांगितले ते माझ्या मनात घर करून राहिले. चार सिलिंडरांचे इंजिन कोठेही थांबले तरी त्यातली एखाददुसरी झडप उघडीच राहते. ज्या सिलिंडरांची दारे बंद असतात, त्यांच्या आत तेलाचा पातळ पापुद्रा टिकून राहतो. ज्याचे दार उघडे राहिले, त्यात वर्षानुवर्षे दमट हवा ये-जा करते. पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये गंज धरतो आणि लोखंड लोखंडाला धरून बसते. चारांपैकी एक जरी असा धरला, तरी चारही थांबतात, कारण सर्वांचा दांडा एकच. आमच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडराने धरले होते.

आता हा गंज कोणी केला? वापर न करण्याने केला, असे आपण बोलताना म्हणतो. पण ‘न करणे’ हे काही करू शकते का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात जवळजवळ हाच प्रश्न विचारला आहे. माणसाच्या अंगी बाणलेला सद्गुण किंवा मिळवलेली विद्या केवळ कृती थांबल्यामुळे नाहीशी होते काय, असा तो प्रश्न. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की थांबणे हे स्वतः नाशाचे कारण होत नाही. पण कृती चालू असताना ती विरोधी गोष्टींना दूर सारीत असते, आणि ती थांबली की त्या विरोधी गोष्टींना मोकळे रान मिळते. म्हणजे गंज ओलाव्याने येतो, थांबण्याने नव्हे. इंजिन फिरत होते तेव्हाही हवा दमटच होती. पण दर फेऱ्याला तेलाचा हात भिंतीवरून फिरत होता, म्हणून ओलाव्याला बसायला जागा मिळत नव्हती. अक्वायनस त्या ठिकाणी ॲरिस्टॉटलचा दाखला देतात तो मैत्रीचा आहे. भांडणाने तुटलेल्या मैत्रीचा तो दाखला नव्हे. जाणे-येणे, बोलणे थांबल्यामुळे विरून गेलेल्या मैत्रीचा तो आहे.

माझ्या चुलतभावांचे भांडण २००६ सालचे. ते भांडण होते दोन संध्याकाळींचे. बाकीची अठरा वर्षे भांडणाची नव्हती. ती उभ्या राहिलेल्या गाडीची होती. त्या वर्षांत कोणी कोणाचे नवे काही वाईट केले नाही. फक्त दार उघडे राहिले आणि दमट हवा आत-बाहेर करीत राहिली. कोणी तरी सांगितलेले एखादे वाक्य, बारशाला न आलेले बोलावणे, फोन न उचलल्याचा राग. यांतली कोणतीही गोष्ट बोलत्या नात्यात पुसली गेली असती.

‘काळ हे सर्वांवर औषध’ असे आपण म्हणतो आणि हे वाक्य मयताच्या घरी तर फार सैल हाताने वाटतो. मला त्याविषयी शंका येऊ लागली आहे. जखम भरते ती काळाने भरत नाही, जिवंत मांसाने भरते. काळ फक्त त्याला अवसर देतो. तोच अवसर तो लोखंडावरच्या गंजालाही देतो. लेवीयच्या पुस्तकात देवाने सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगितली आहे आणि पडीक जमीन खरोखरच सुधारते, कारण तिच्या पोटात न दिसणारे काम चालू असते. पडीक इंजिन सुधारत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा, की दोन माणसांमधले नाते हे जमिनीच्या जातीचे की इंजिनाच्या? आपण स्वस्थ बसतो तेव्हा ते जमिनीसारखे आहे असे गृहीत धरतो. मला वाटते, अबोल्याच्या पहिल्या काही दिवसांत ते जमिनीसारखे असते. राग शांत व्हायला थोडी पडीक हवीच. पण ती मुदत फार लांब नसते, आणि ती कधी संपली हे कोणी घंटा वाजवून सांगत नाही.

असो. पडवीत परत जाऊ.

मिस्त्रींनी चारही प्लग काढले आणि प्रत्येक भोकातून डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण आत सोडले. मग हात पुसून म्हणाले, आता काही करायचे नाही, आठवड्याने पाहू. मधल्या दिवसांत त्यांनी बाकीची कामे काढली. टाकी उतरवून धुतली. कार्बोरेटर खोलून एकेक जेट साफ केले. पेट्रोलपंपाचा पडदा बदलला. रबराच्या साऱ्या नळ्या टाकून दिल्या. एक तर त्या बिस्किटासारख्या मोडत होत्या, आणि दुसरे म्हणजे आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. चाकांतले ब्रेकचे सिलिंडर सुटे केले. कारण, त्यांचे म्हणणे, जी गाडी थांबवता येत नाही ती चालू करू नये. आणि इंजिनाखालची तेलाची परात उतरवली. तिच्या तळाशी काळा, घट्ट गाळ बसला होता. थोरल्याने विचारले, याच्यावरच नवे चांगले तेल ओतले तर चालणार नाही का? मिस्त्री म्हणाले की तेच सर्वांत वाईट. आजची तेले मळ सोडवणारी असतात. ती जुना गाळ सोडवतील, तो गाळ तेलाच्या बारीक वाटांत जाऊन अडकेल आणि गाडी सुरू झाल्यावर दहा मिनिटांत बेअरिंगे जळतील. आधी जुने खरवडून काढायचे, मग नवे घालायचे.

आपल्या ख्रिस्तसभेने पापनिवेदनाच्या संस्कारात क्षमेच्या शब्दांआधी कबुली का ठेवली आहे, हे मला त्या परातीकडे पाहताना जितके उमगले तितके धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी उमगले नव्हते. नुसत्या गोड बोलण्याने झालेला समेट हा जुन्या गाळावर ओतलेले नवे तेल असतो. लग्नसमारंभात पाहुण्यांनी दोघांचे हात हातात देऊन घडवलेले असे समेट आपण पुष्कळ पाहिले आहेत. छायाचित्र निघते, आणि महिन्याभरात बेअरिंग जळते.

मधल्या काळात मला एका वेगळ्याच आक्षेपाने गाठले. आमच्याच धर्मग्रामातल्या एका सज्जनांनी विचारले, या जुन्या लोखंडावर एवढा पैसा घालणे ख्रिस्ती माणसाला शोभते का? आणि त्यांनी मदर तेरेसांचे उदाहरण दिले. १९६४च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. त्यांच्यासाठी अमेरिकेतून भेट आलेली पांढरी लिंकन कॉन्टिनेन्टल ही मोटार होती. निघताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्या मोटारीत बसून फिरल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि तो पैसा कुष्ठरुग्णांच्या कामाला लावला. मग फियाटचे तुम्ही काय चालवले आहे?

आक्षेप बिनतोड वाटतो. मी दोन दिवस त्यावर विचार केला. योहानच्या शुभवर्तमानात मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांना लावले तेव्हा हाच आक्षेप घेतला गेला होता, आणि तो कोणी घेतला हे आपण जाणतो. पण आक्षेप घेणाऱ्याच्या वर्तनाने आक्षेप खोटा ठरत नाही, म्हणून त्या उत्तराआड मी लपणार नाही. मला सुचले ते असे. मदर तेरेसांनी मोटार उभी ठेवली नाही, हा त्या प्रसंगाचा गाभा आहे. भेट म्हणून आलेली वस्तू काचेच्या घरात ठेवून पूजेला लावणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तिला तिच्या जागेवरून हलवले, आणि ती हलल्याबरोबर तिचे अन्न झाले, औषध झाले. संत मत्तयच्या शुभवर्तमानातल्या त्या तिसऱ्या दासाने आपला तालांत चोरला नव्हता, उधळलाही नव्हता. त्याने तो जमिनीत पुरून सुखरूप ठेवला होता. त्याचा अपराध तेवढाच. आमची फियाटही सुखरूपच होती, दोन भावांच्या हट्टात पुरलेली. तिला बाहेर काढण्याचा खर्च कोणत्या खात्यात लिहावा? तो पैसा एका वयस्क कारागिराच्या हाती गेला आणि त्याच्यासोबत येणाऱ्या एका पोराने पॉइंटमधले अंतर पातीने कसे मोजावे हे शिकून घेतले, ही जमेची बाजू. तरीही मी कबूल करतो, की प्रश्न पूर्ण सुटत नाही. ही गाडी केवळ मिरवण्यासाठी चालू केली असती, तर त्या सज्जनांचे म्हणणे मी मुकाट्याने मान्य केले असते.

दुसरा प्रश्न ‘ती’च गाडी का, हा. नळ्या नव्या, वायरिंग नवे, बॅटरी नवी, प्लग नवे. काकूंना डॉक्टरांची गाडी ऐकायची होती. ही डॉक्टरांची गाडी उरली का? प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी त्याची कुजलेली एकेक फळी बदलली, आणि मग तत्त्ववेत्ते वाद घालीत बसले की हे तेच जहाज की दुसरे. आपल्या सरकारनेही २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी नियम केले, त्यात गाडी मूळ स्वरूपात हवी आणि तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. मूळ स्वरूप कोठे संपते हे ठरवण्याचे अथेन्सच्या तत्त्ववेत्त्यांना न जमलेले काम आता परिवहन कार्यालयाकडे आले आहे. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या अखेरच्या भागात शरीराच्या पुनरुत्थानाविषयी लिहिताना मूर्तिकाराची उपमा घेतली आहे. ओतीव मूर्ती वितळवून मूर्तिकार ती पुन्हा ओततो तेव्हा नाकाचा धातू नाकातच परत जायला हवा असे नाही. मूर्ती तीच असते. आपण तर रोजच्या घासाने देह बदलत असतो, आणि तरी बाप्तिस्म्याच्या वहीतले नाव आपलेच असते. मला वाटते, गाडी तीच आहे असे म्हणायला तिच्यात काय काय जुने उरले याची मोजणी पुरत नाही. ती कोणासाठी दुरुस्त केली जात आहे, हेही त्यात धरावे लागते.

आठवड्याने मिस्त्रींनी पाना लावला. हलले नाही. पुन्हा तेल सोडले. मग रोज सकाळी धाकट्याने पाना लावून हलकेच दाबायचे, उलटे दाबायचे आणि सोडून द्यायचे, असा क्रम त्यांनी घालून दिला. जोर लावायचा नाही. नाताळ जवळ येत होता. थोरल्याने नागपूरहून मला फोन केला की ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढू, गिअर टाकू, झटक्याने सुटेल. त्याच्या मनात काय होते ते मला कळत होते. काकूंची तब्येत उतरत होती. चौऱ्याऐंशीव्या वर्षी पुढचा नाताळ कोणी गृहीत धरू नये.

मिस्त्रींनी साफ नकार दिला. झटक्याने सुटेल खरे. पण कड्या मोडतील, भिंतीवर ओरखडे पडतील, कदाचित कनेक्टिंग रॉड वाकेल. ‘‘मंग तुमच्या मायनं काय आयकाचं? खडखड आयकाची?’’

येथे मला खरी अडचण भासली, आणि ती मोटारीची नव्हती. शुभवर्तमान समेटाच्या बाबतीत घाई करायला सांगते. वेदीपुढे अर्पण आणलेले असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच टाकून आधी जा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. सूर्य मावळण्याच्या आत राग सोडावा असे संत पौल इफिसकरांना लिहितो. आणि इकडे तेल, लोखंड आणि एक अनुभवी कारागीर सांगतो की घाई कराल तर जे वाचण्याजोगे आहे तेही मोडेल. कोणाचे ऐकावे? अठरा वर्षांचा अबोला एका नाताळच्या रात्री ओढून सोडवावा का, आई डोळे मिटण्याआधी?

पुष्कळ दिवस विचार करून मी इतकेच ठरवू शकलो, की ती आज्ञा निघण्याची आहे. अर्पण टाकून ‘जा’ असे प्रभू म्हणतो. पोहोचल्यावर किती वेळ लागेल ते त्याने सांगितलेले नाही. निघायला उशीर करणे हा अपराध. निघाल्यावर भावाच्या दारात बसून राहावे लागणे हा अपराध नव्हे. संत लूकच्या शुभवर्तमानातला माळीही फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडासाठी एक वर्ष मागून घेतो. पण ते वर्ष तो नुसते जाऊ देत नाही, आळे खणतो आणि खत घालतो. रोज सकाळी पाना लावून हलकेच दाबणे, हे मला त्या खणण्याच्या जातीचे वाटते. तरी एक काटा उरतोच. माळ्याला वर्ष मिळाले. काकूंना मिळेल याची हमी कोणी दिली होती? ती हमी नसतानाही धीर धरायचा, तर त्यात आपण दुसऱ्याचा वेळ खर्च करीत असतो. याला माझ्यापाशी उत्तर नाही. मी थोरल्याला सांगितले की ट्रॅक्टर नको, पण तू ये.

तो आला नाही. नाताळ तसाच गेला. पोपमहाशयांनी नाताळच्या पूर्वसंध्येला रोममध्ये ज्युबिली वर्षाचे पवित्र दार उघडले ते आम्ही दूरदर्शन संचावर पाहिले. ज्युबिली म्हणजे मुळात लेवीयच्या पुस्तकातले ते पन्नासावे वर्ष, ज्यात जमिनी ज्याच्या त्याला परत जात. काकू ते ऐकून काही बोलल्या नाहीत. धाकटा उठून पडवीत गेला.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाना हलला. केसभर. धाकट्याला आधी तो नट सैल झाला असे वाटले. त्याने उलटा दाबला, पुन्हा केसभर हलला. त्याने मला फोन केला आणि मग, मला नंतर कळले, अठरा वर्षांत प्रथमच थोरल्याला केला. काय बोलला? ‘‘फिरलं. किल्ली पाठव.’’ एवढेच. किल्ली कुरिअरने पाठवता आली असती. शिवाय मिस्त्रींना किल्लीची गरजही नव्हती. दोन वायरी जोडून ते सुरू करू शकत होते. काकूंनी तसे करू दिले नाही.

तीन राजांचा सण होऊन गेल्यावर थोरला किल्ली घेऊन आला. दोघे भाऊ पडवीत इंजिनाच्या दोन बाजूंना उभे होते आणि जे बोलत होते ते मिस्त्रींशी. नंतर मिस्त्री खाली वाकून म्हणाले, टॉर्च धरा कोणी तरी. धाकट्याने धरला, आणि ‘‘इकडे, थोडा इकडे’’ असे थोरला म्हणाला. हे त्यांचे पहिले संभाषण. प्लग लावण्यापूर्वी इंजिन नुसतेच फिरवून तेल वरपर्यंत चढू दिले. मग प्लग लावले. थोरल्याने किल्ली फिरवली. तीनदा नुसतेच घरघरले. चौथ्यांदा सायलेन्सरातून काळ्यानिळ्या धुराचा लोट निघाला, कुंभारीण माशीची उरलीसुरली माती बाहेर उडाली, आणि इंजिन लागले. आधी तीन सिलिंडरांवर, लंगडत. मिनिटभराने तिसऱ्यानेही सूर धरला.

काकू अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. रडत होत्या का, हे मी पाहिले नाही. पाहू नये असे वाटले.

बांधीचा दावा अद्याप मागे घेतलेला नाही. थोरला त्या रात्री जेवून नागपूरला परतला. नोंदणीची मुदत संपलेली असल्याने गाडी रस्त्यावर नेता येत नाही. नव्या नियमांखाली अर्ज करायचा तर मूळ कागद थोरल्याकडचे आणि गाडी धाकट्याच्या दारातली, म्हणजे दोघांनाही हजर राहावे लागेल. मिस्त्रींनी जाताना बजावले आहे की दर रविवारी वीस मिनिटे इंजिन चालवायचे, पूर्ण तापेपर्यंत. अर्धवट गरम करून बंद केले तर आतच पाणी धरते. आणि हे पहिले तेल लवकर बदलायचे. तारीख त्यांनी पडवीच्या खांबावर खडूने लिहून ठेवली.

किल्ली थोरला परत घेऊन गेला नाही. धाकट्यानेही ठेवून घेतली नाही. ती सध्या काकूंच्या उशाशी असते, जपमाळेच्या डबीत.